मेलस्टॉकचा ताफा : गॅलरीतून दिसणारा विनोद



आजचं व्याख्यान एका लहानशा विनोदी कादंबरीवर आहे. थॉमस हार्डी हे नाव घेतलं की आपल्यापैकी बहुतेकांना 'टेस' आठवते, 'ज्यूड' आठवतो. म्हणजे फास, दारिद्र्य, नियतीचा क्रूर खेळ. त्याच हार्डीने वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, 1872 साली, एक हसरी कादंबरी लिहिली. 'अंडर द ग्रीनवुड ट्री' हे तिचं नाव. पुस्तकावर लेखकाचं नाव नव्हतं, आणि प्रकाशकाने हक्क विकत घेतले ते तीस पौंडांना. कादंबरीचं दुसरं नाव आहे 'द मेलस्टॉक क्वायर'. हार्डीला स्वतःला हेच नाव जवळचं होतं आणि माझ्या मते तेच खरं नाव आहे. कारण कादंबरीत प्रेमकथा असली, तरी तिचा जीव एका खेड्यातल्या चर्चच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींमध्ये आहे.

'क्वायर' या शब्दाला मी आज 'ताफा' म्हणणार आहे. 'गायकवृंद' म्हटलं की डोळ्यांसमोर एकसारख्या पोशाखातली, हातात फाइल धरलेली मंडळी येतात. मेलस्टॉकची माणसं तशी नाहीत. त्यात एक भाड्याने माल वाहून नेणारा गाडीवाला आहे, एक चांभार आहे, एक सत्तरीच्या आसपासचा म्हातारा आहे, एक पोरगेलासा, डोक्याने अधू असलेला मुलगा आहे. ही माणसं गातात आणि वाजवतातही. म्हणून ताफा.

आज मला एकच प्रश्न धरून बोलायचं आहे. या ताफ्याला आपण हसतो, भरपूर हसतो. शेवटी तो ताफा मोडतो. मग आपलं हसणं कुठल्या जातीचं होतं? मोडणाऱ्यांच्या बाजूचं, की मोडून पडणाऱ्यांच्या?

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. इंग्लंडमधल्या खेड्यांच्या चर्चमध्ये अठराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑर्गन सर्रास नसे. चर्चच्या पश्चिमेकडच्या टोकाला एक लाकडी माडी असायची, तिला गॅलरी म्हणत. तिच्यावर गावातले हौशी वादक आणि गायक बसत. व्हायोलिनं, सेलोच्या जातीचं एक मोठं तंतुवाद्य, कुठे क्लॅरिनेट, कुठे सापासारखं वळणं घेतलेलं 'सर्पंट' नावाचं वाद्य. रविवारची स्तोत्रं हीच मंडळी वाजवणार आणि नाताळच्या रात्री घरोघर फिरून गाणार. त्यांना पैसे जवळजवळ नाहीतच. हार्डीने 1896 च्या प्रस्तावनेत लिहिलं आहे की वर्षाकाठी जी काही किरकोळ रक्कम हाती येई, ती तारा, राळ, दुरुस्ती आणि कागद यांतच संपे. कागदावरच्या पाच रेघासुद्धा हे लोक घरी बसून स्वतःच ओढत.

त्याच प्रस्तावनेत एक तपशील आहे, तो मला फार आवडतो. या लोकांच्या वहीत एका बाजूने स्तोत्रं लिहिलेली असत. वही उलटी करून दुसऱ्या बाजूने उघडली की नाचाच्या चाली. दोन्हीकडून भर पडत पडत कधीतरी मधल्या पानांवर स्तोत्र आणि नाच एकमेकांना भेटत. देव आणि नाच एकाच वहीत, फक्त वही कुठून उघडायची हे माहीत पाहिजे! हा ताफा म्हणजे काय, हे या वहीइतकं नेमकं दुसरं कशानेच कळत नाही.

हार्डीला हे सगळं घरातून मिळालं. डॉर्सेटमधल्या स्टिन्सफर्ड गावच्या चर्चमध्ये त्याचे आजोबा ते मोठं तंतुवाद्य वाजवत. वडील आणि काका व्हायोलिन वाजवत. तो ताफा बंद पडला तेव्हा हार्डी अगदी तान्हा होता. म्हणजे त्याने तो प्रत्यक्ष ऐकलेला नाही, त्याच्या गोष्टी ऐकल्या. स्वतः मात्र तो व्हायोलिन शिकला आणि लहानपणी लग्नांत, नाचांत वाजवायलाही जायचा. स्टिन्सफर्डचंच कादंबरीत मेलस्टॉक झालं.

आता कथा, थोडक्यात. नाताळची आदली रात्र. गाडीवाला रूबेन ड्यूई याच्या घरी ताफा जमतो. त्याचे वडील विल्यम हे ताफ्यातले ज्येष्ठ, मुलगा डिक हा तरुण व्हायोलिनवादक. तीन पिढ्या एका ताफ्यात. सायडर पिऊन मंडळी फेरीला निघतात. गावच्या शाळेत नवी शिक्षिका आली आहे, फॅन्सी डे. तिच्या खिडकीखाली हे एकामागून एक गाणी म्हणतात. पुष्कळ वेळाने खिडकी उघडते, ती दिसते, आभार मानते. डिक तिथेच संपतो! पुढे ताफा मोजून बघतो तर एक माणूस कमी. शोधायला परत जातात तर हा झाडाला टेकून त्या खिडकीकडे बघत उभा.

फॅन्सीला ऑर्गन वाजवता येतो. चर्चचा कारभारी शायनर हा पैसेवाला शेतकरी तिच्यावर भाळलेला आहे. तो नव्या पाद्र्याच्या, मेबोल्डच्या, मागे लागतो की ताफा बंद करा आणि या मुलीला ऑर्गनवर बसवा. पाद्री तयार होतो. पुढे कळतं की पाद्रीही तिच्यावर भाळलेला आहे. ताफा जातो, ऑर्गन येतो, आणि फॅन्सीचं लग्न होतं ते डिकशी. मधे एक दिवस तिने पाद्र्यालाही होकार दिलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी मागे घेतलेला असतो. ते गुपित ती नवऱ्याला कधी सांगणार नाही, इथे कादंबरी संपते.

एक गोष्ट लक्षात घ्या. गावाच्या संगीताचा एवढा मोठा निर्णय झाला, पण त्या निर्णयात संगीताचा विचार कुणीच केलेला नाही. ताफा बेसूर वाजवतो म्हणून तो गेला, असं कुठेही नाही. एका माणसाला एक मुलगी आवडली, दुसऱ्यालाही आवडली, आणि त्या ओघात एक परंपरा वाहून गेली. 'काळाबरोबर चालायला हवं' वगैरे शब्द नंतर चिकटवले जातात. बदलाची कारणं म्हणून जे सांगितलं जातं आणि बदल ज्यामुळे झालेला असतो, यांतलं हे अंतर हार्डीने हसत हसत दाखवलं आहे, आणि ते फक्त मेलस्टॉकपुरतं खरं नाही.

आता हसण्याकडे वळू. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे हॉब्जला आणि बर्गसाँला बोलावल्याशिवाय राहवत नाही. पण त्यांना फार वेळ बसवून ठेवणार नाही.

सतराव्या शतकात हॉब्ज म्हणाला, हसणं म्हणजे दुसऱ्याचं काही उणं दिसलं की आपल्याला अचानक वाटणारा मोठेपणा. 1900 साली बर्गसाँने 'हास्य' हे पुस्तक लिहिलं. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, हसायचं तर हृदय काही काळ बधिर करावं लागतं. दुसरी, जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपल्याला हसू येतं. घसरून पडणारा माणूस हसू आणतो, कारण तिथे वळायला हवं होतं आणि तो सवयीने सरळच गेला.

ही दोन मापं घेऊन मेलस्टॉकमध्ये जाऊ. फेरीतला प्रसंग पाहा. ताफा शायनरच्या दारात गाऊ लागतो. आतून ओरडा येतो: गप्प बसा, माझं डोकं दुखतंय! आता काय करावं? शहाणा माणूस निघून जाईल. विल्यम ड्यूई ताफ्याला सांगतो, आणखी जोरात वाजवा. मग असा काही कल्लोळ होतो की शायनर खिडकीत येऊन हातवारे करत शिव्या देतो आणि त्या शिव्या कुणालाच ऐकू येत नाहीत. आपण हसतो. कुणाला? हॉब्जच्या हिशेबाने अडाणी वादकांना हसायला पाहिजे. प्रत्यक्षात आपण त्यांच्या बाजूला, थंडीत, कंदील घेऊन उभे असतो आणि खिडकीतल्या त्या माणसाला हसतो. हार्डीने आपल्याला उभं कुठे केलंय हे महत्त्वाचं आहे.

दुसरा प्रसंग तर कादंबरीचा कळस आहे. ताफा पाद्र्याला भेटायला जातो. शिष्टमंडळच म्हणा ना! दोन-दोनच्या रांगा लावून, पावलात पाऊल टाकून. ही मंडळी आधीच्या पाद्र्याची फार तारीफ करतात. का? तर तो बिचारा कधी कुणाच्या घरी फिरकायचा नाही, कुणाच्या भानगडीत पडायचा नाही. (हशा) नवा पाद्री घरोघर येतो, विचारपूस करतो, म्हणजे त्रासच. त्याचं नावही हे लोक धड घेत नाहीत, 'मेबल' म्हणतात.

आत गेल्यावर बोलणी सुरू होतात. पाद्र्याने नुकतीच दाढी केली आहे, हनुवटी कापली आहे. बोलता बोलता तिथून रक्त येतं, लेखणी खाली पडते, ती उचलायला सगळेच वाकतात. आणि या गोंधळात रूबेन आपली मागणी मांडतो. तो 'आम्हाला काढू नका' म्हणत नाही. त्याचं म्हणणं असं, की जायचं तर आहेच, पण आम्हाला नाताळला जाऊ द्या. एखाद्या मोठ्या दिवशी, मानाने. ज्याला धड नावही नाही अशा कुठल्यातरी रविवारी विझून जाणं बरं नाही. पाद्री म्हणतो, नाताळ फार लांब आहे. घासाघीस होते आणि मायकेलमसचा सण ठरतो, म्हणजे सप्टेंबरअखेर. मंडळी बाहेर पडतात ती खुशीत! पाद्री भला माणूस आहे हो, जरा नीट बोललं की ऐकतो, असं म्हणत.

सगळं गमावलं आणि आनंदाने घरी आले. इथे वाचक हसतो, पण बर्गसाँ म्हणतो तसं हृदय बधिर करून हसता येत नाही. माणसाला मरण टाळता येत नाही हे रूबेनला कळलेलं आहे, म्हणून तो मरणाचा दिवस मागतो. ग्रीक शोकांतिकेत राजे जे मागतात ते हा गाडीवाला मागतोय, आणि ज्याच्याकडे मागतोय तो हनुवटीला रुमाल लावून बसलाय. विनोद आणि शोक एकाच वाक्यात बसवायला फार मोठी ताकद लागते. इथे ती आहे.

बर्गसाँचं दुसरं माप तर इथे उलटंच होतं. जिवंत माणूस यंत्रासारखा वागला की हसू येतं, असं त्याचं म्हणणं. मेलस्टॉकची तक्रार अशी आहे की यंत्र जिवंत माणसाच्या जागी येऊन बसतंय. म्हातारा विल्यम तारांच्या वाद्यांचा कट्टर भक्त. त्याला क्लॅरिनेटसुद्धा चर्चमध्ये नको. मग हार्मोनियम आणि मुठीने फिरवायचे ऑर्गन यांच्याबद्दल ताफ्याचं मत काय असेल ते सांगायला नको.

हा मुठीने फिरवायचा ऑर्गन, बॅरल ऑर्गन, हार्डीच्या एका नंतरच्या कथेतही येतो. तिथे दुसऱ्या एका गावचा ताफा नाताळात रात्री-रात्री वाजवून दमलेला आहे. थंडी आहे म्हणून पोटात गरम दारू गेली आहे. प्रार्थनेच्या वेळी गॅलरीत सगळ्यांना झोप लागते. कुणीतरी दचकून उठवतं, आणि हे लोक सवयीने एक झणझणीत नाचाची चाल सुरू करतात. चर्चमध्ये! वही उलट्या बाजूने उघडली गेली, दुसरं काय. (हशा) ताफा त्याच आठवड्यात बडतर्फ होतो आणि गावचा जमीनदार बॅरल ऑर्गन आणतो. त्यात बावीस स्तोत्रं बसवलेली. सांगणारा म्हणतो त्याचा आशय असा: हा ऑर्गन इतका चोख होता की तुमच्या मनात कितीही पाप असलं तरी त्यातून स्तोत्राशिवाय काही निघणंच शक्य नव्हतं.

हे वाक्य वाचून नीतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने खुर्चीत सावरून बसावं. ज्याला चुकता येत नाही त्याच्या बरोबर असण्याला पुण्य म्हणता येईल का? कान्ट म्हणेल, नाही. स्वातंत्र्य नसेल तर सद्गुणही नाही. बॅरल ऑर्गन पाप करू शकत नाही, म्हणून तो भक्तीही करू शकत नाही. नाचाची चाल वाजवण्याची शक्यता ज्याच्या वहीत आहे, त्याच्याच स्तोत्राला अर्थ आहे. हार्डी हे शिकवायला बसत नाही. तो एक दारूने पेंगलेला ताफा दाखवतो आणि पुढे जातो.

आता या ताफ्याचं नेमकं काय गेलं ते पाहू. मायकेलमसचा दिवस. फॅन्सी ऑर्गनवर बसते. ताफ्यातली माणसं आज गॅलरीत नाहीत. खाली, आपापल्या बायकांशेजारी, इकडे-तिकडे विखरून बसलेली. आयुष्यात जवळजवळ पहिल्यांदाच प्रार्थनेत त्यांना काही काम नाही. हार्डी म्हणतो, त्यांना आपल्या हातांची अडचण होऊ लागली. बस, एवढंच. कुणी रडत नाही, कुणी भाषण करत नाही. हातांचं काय करायचं ते कळत नाही.

अलीकडच्या तत्त्वज्ञांपैकी ॲलस्डेअर मॅकिन्टायर याने 1981 च्या 'आफ्टर व्हर्च्यू' या पुस्तकात एक भेद केला आहे. एखाद्या कामातून मिळणाऱ्या काही गोष्टी त्या कामाबाहेरच्या असतात, पैसा, मान वगैरे. त्या दुसऱ्या मार्गानेही मिळतात. काही गोष्टी मात्र ते काम स्वतः केल्यानेच मिळतात. बुद्धिबळाची गोडी बुद्धिबळ खेळूनच कळते. मेलस्टॉकच्या चर्चला 'संगीत' हवं होतं, ते ऑर्गननेही मिळालं. ताफ्याला 'संगीत करणं' हवं होतं, ते मिळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. हार्डीने हे प्रस्तावनेत व्यवहाराच्या भाषेत मांडलं आहे. सहा ते दहा मोठी माणसं वाजवणारी, शिवाय गाणारी, या सगळ्यांना दर रविवारी चर्चमध्ये जबाबदारी होती. त्यांच्या जागी एक वादक आल्यावर गावाची चर्चमधली गोडीच कमी झाली.

यात लीफचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टॉमस लीफ हा तो डोक्याने अधू मुलगा. त्याला सगळे त्याच्या तोंडावर खुळा म्हणतात आणि तोही हसत हसत, हो, मला डोकं नाहीच, असं कबूल करतो. आज वाचताना आपल्याला ते टोचतं, टोचायला हवंच. पण ताफ्यात त्याला जागा आहे, आणि ती दयेची जागा नाही. त्याचा आवाज इतका वर जातो की तो नसेल तर वरची पट्टी रिकामी राहते. पाद्र्याकडे जाताना त्यालाही बरोबर घेतात. आता सांगा, ऑर्गन आल्यावर लीफने काय करायचं? विल्यम म्हातारा घरी वाजवत बसेल. डिकला बायको मिळेल. पेनी चांभार जोडे शिवेल. लीफला गावात उभं राहायला जी एक जागा होती, ती त्या गॅलरीत होती. एखाद्या समूहाची योग्यता ठरवायची तर सगळ्यांत वरचा सूर कोण लावतो हे तर बघावंच, पण सगळ्यांत दुबळ्या माणसाचा सूर त्यांना लागतो की नाही, हे आधी बघावं. मेलस्टॉकच्या ताफ्याला तो लागत होता.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की प्राध्यापक जुन्याच्या प्रेमात पडले. तर आता दुसरी बाजू. ती कादंबरीतच आहे, आणि हळवेपणाने वाचणारे तिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात.

हा ताफा संपूर्ण पुरुषांचा आहे. नाताळच्या सकाळी चर्चमध्ये शाळेच्या मुली, फॅन्सी बरोबर असल्यामुळे धीट होऊन, मोठ्या आवाजात गाऊ लागतात. एरवी त्या ताफ्याच्या मागोमाग हळू गुणगुणायच्या. आज त्यांचा आवाज गॅलरीच्या बरोबरीला येतो. गॅलरीत खळबळ! या पोरींची ही हिंमत? मग आम्ही इथे कशाला बसलोय? गंमत बघा, वर्षभर ज्यांना 'सगळं गाव मिळून गातं' याचा अभिमान होता, त्यांना गावातली निम्मी माणसं गाऊ लागल्यावर अपमान वाटला. हार्डी इथे ताफ्यालाच हसतो, आणि या वेळी आपल्याला खाली, मुलींच्या बाजूला उभं करतो. काही महिन्यांनी गावच्या संगीताची सूत्रं एका मुलीच्या हाती जातात. ते तिला पुरुषांच्या लोभामुळे मिळालं हे खरं, पण वाजवते ती स्वतःच्या शिक्षणावर. फॅन्सीला नटव्या मुलीच्या साच्यात बसवून हार्डी तिच्यावर थोडा अन्यायच करतो. ऑर्गनवर बसलेली फॅन्सी वाजवताना मनात काय अनुभवत होती, याची त्याला फारशी उत्सुकता नाही. टोपीवरचं पीस आणि मोकळे कुरळे केस मात्र त्याला बरोबर दिसतात.

कादंबरीचा दुसरा दोष असा, की उत्तरार्धात ताफा जवळजवळ नाहीसा होतो. प्रेमकथा सगळी जागा व्यापते आणि ती तितकी सकस नाही. काही टीकाकार म्हणतील, ताफा गावातून विखुरला तसा पुस्तकातूनही विखुरला, हीच तर कलाकृतीची संगती. मला हे समर्थन फार सोयीचं वाटतं. मायकेलमसचा तो दिवस हार्डी पानभरातही उरकतो आणि पुन्हा कोण कुणावर प्रेम करतं तिकडे वळतो. विल्यमने त्या रात्री घरी जाऊन आपलं वाद्य खाली काढलं की नाही, हे मला वाचायचं होतं.

हार्डीला स्वतःलाही काहीतरी खुपत राहिलं. चाळीस वर्षांनी, 1912 साली, प्रस्तावनेला जोड देताना त्याने लिहिलं की या माणसांच्या वास्तवातून वेगळ्या प्रकारचं, इतकं हलकं आणि मधूनमधून थिल्लर नसलेलं, पुस्तक करता आलं असतं. तो ही खंत बोलून दाखवतो तेव्हा त्याच्या मागे 'टेस' आणि 'ज्यूड' उभ्या आहेत. गंभीर असणं म्हणजे दुःखान्त असणं, अशी त्याची समजूत झाली असावी.

इथे मी लेखकाशी मतभेद नोंदवतो. हार्डीने ताफ्याची शोकांतिका लिहिली असती तर ती माणसं बळी झाली असती, आणि बळींची आपण कीव करतो. विनोदी लिहिल्यामुळे ती माणसं राहिली. हट्टी, मानी, जरा बावळट, मुलींवर डाफरणारी, सायडरचं पिंप उघडताना तासभर चर्चा करणारी. पु. लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली' मधल्या माणसांवर आपण हसतो तेव्हा काय होतं? अंतू बर्व्याला आपण हसलो म्हणून तो लहान झाला का? उलट, हसल्यामुळेच तो आपल्या घरचा झाला. सुरुवातीला विचारलं होतं, आपलं हसणं कुणाच्या बाजूचं. माझं उत्तर असं की ते गॅलरीतलं हसणं आहे. गॅलरीतून खालचं सगळं दिसतं. प्रार्थना चालू असताना बाजाराचा हिशेब करणारी बाई दिसते, बाकांच्या फळीतल्या भोकातून एकमेकांच्या बोटांना बोटं लावणारे प्रेमिक दिसतात. कादंबरीभर हार्डीने आपल्याला तिथे बसवलं, आणि गॅलरी रिकामी झाली तेव्हा आपणही खाली उतरलो. म्हणून त्या माणसांच्या हातांची अडचण आपल्याला समजते.

शेवटचा मुद्दा आपल्याकडचा आहे. विल्यमला जिचा राग होता ती हार्मोनियम, म्हणजे आपली पेटी. तिचं पेटंट 1842 साली पॅरिसमध्ये निघालं. मिशनऱ्यांबरोबर ती इकडे आली, कलकत्त्यात हाताच्या भात्याची झाली, आणि नाटकमंडळ्यांतून, कीर्तनांतून, भजनांतून आपल्या घरात शिरली. आपल्याकडेही तिला विरोध झाला. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ठरलेल्या सुरांच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, हा आक्षेप होता. तारा सोडून दुसरं काही नको म्हणणारा विल्यम त्या बैठकीत शोभून दिसला असता!

पण फरक बघा. मेलस्टॉकमध्ये हार्मोनियम किंवा ऑर्गन आला की ताफा उठायचा. आपल्या भजनी मंडळात पेटी आली आणि पखवाजाशेजारी बसली. टाळकरी तिथेच राहिले, मागे म्हणणारेही राहिले. वाद्य तेच, जातही तीच. एका ठिकाणी त्याने दहा माणसांना घरी पाठवलं, दुसऱ्या ठिकाणी अकराव्या माणसाला बसायला जागा दिली. यावरून मला असं वाटतं की यंत्राला दोष देऊन आपली सुटका होत नाही. यंत्र आणताना आपण प्रश्न कोणता विचारला, यावर सगळं अवलंबून असतं. 'हे काम कमी माणसांत कसं होईल?' असं विचारलं की ताफा जातो. 'आपल्याला आणखी चांगलं कसं गाता येईल?' असं विचारलं की ताफा टिकतो.

आता गणपतीत कितीतरी सोसायट्यांमध्ये आरती स्पीकरवर लागते. सूर पक्का, शब्द अचूक, एकही कडवं विसरलेलं नाही. माणसं भोवती उभी असतात, टाळ्या वाजवतात, काहींना तेही नको वाटतं. ज्या काकांचं कडवं दरवर्षी चुकायचं आणि ज्यांना सगळी पोरं हसायची, ते काका आता गप्प उभे असतात. त्या वेळी त्यांच्या हातांकडे एकदा बघा, एवढंच सुचवतो.

कादंबरी लहान आहे, इंग्रजी जरा जुन्या बोलीचं आहे, पहिली पन्नास पानं धीर धरावा लागेल. पाद्र्याच्या घरचा प्रसंग दुसऱ्या भागात आहे. तिथपर्यंत पोचलात की पुढचं तुम्ही थांबवणार नाही.